किड्याला गोळी नको, ऊन द्या

मार्च सरत आला की भुसावळात वर्षाचे धान्य भरण्याची घाई सुरू होते. गहू, दादर, तूर, हरभरा यांची पोती घरात येतात. गच्चीवर बिबड्या-पापडांच्या वाळवणाशेजारी धान्य पसरले जाते, चाळले-निवडले जाते आणि मग कोठीत जाते. त्याच सुमारास अनेक घरांतून दुकानात एक मागणी होते: धान्यात ठेवायची गोळी द्या. करड्या रंगाची ती गोळी फडक्यात गुंडाळून कोठीत ठेवली की वर्षभर किडीची चिंता नाही, असा समज कित्येक वर्षांपासून घट्ट बसला आहे.

ही गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतला ओलावा लागताच तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. तो किडा आणि माणूस असा भेद करत नाही, आणि त्याच्यावर उतारा म्हणून देता येईल असे औषध आजवर सापडलेले नाही. ज्या घरात माणसे झोपतात त्या घरात ही गोळी असूच नये. भुसावळ, जळगाव, धुळ्यासारख्या तापणाऱ्या मुलखात तर तिची गरजही नाही. ती का नाही, हे कळायला ज्याच्यासाठी ती आणली जाते त्या किड्याकडेच जरा निरखून पाहावे लागते.

पिठाचा डबा उघडल्यावर कडेकडेने पळणारा, तांबूस-तपकिरी, तीन-चार मिलिमीटर लांबीचा चपटा किडा खान्देशातल्या प्रत्येक घराच्या ओळखीचा आहे. कुणी त्याला पोरकिडा म्हणते, कुणी नुसते पिठातले किडे. कृषी पुस्तिकांत तो तांबडा भुंगेरा असतो, शास्त्रात ट्रायबोलियम कॅस्टेनियम. जर्मन अभ्यासक योहान हर्बस्ट यांनी १७९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. माणसाच्या धान्याशी या किड्यांचे नाते मात्र त्याहून फार जुने आहे. इजिप्तमध्ये सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यातल्या मडक्यात ट्रायबोलियमचे अवशेष मिळाले आहेत.

या किड्याचे कूळ टेनेब्रिओनिडी. जगभरात या कुळात वीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी मोठा गट कोरड्या, उजाड, वाळवंटी प्रदेशांत राहतो. नामिब, सहारा, आपल्याकडचे थर, अमेरिकेतले सोनोरा अशा सगळ्या वाळवंटांत वाळूवरून तुरुतुरु चालणारे काळे, टणक भुंगेरे बहुतेक याच कुळातले असतात. तांबडा भुंगेरा स्वतः वाळवंटात जन्मलेला नाही. झाडांच्या सालीखाली आणि कुजक्या लाकडात राहणाऱ्या पूर्वजांपासून तो माणसाच्या कोठारात आला, असे मानले जाते. पण पाण्याच्या टंचाईत तग धरण्याची जी शरीररचना त्याच्या वाळवंटी जातभाईंना लाभली आहे, तिचा मुख्य भाग त्याच्याकडेही आहे. पिठाचा डबा हेही एक कोरडे रानच असते. तिथे पाण्याचा थेंब नसतो, तरी हा किडा महिनोन् महिने तिथे राहतो, अंडी घालतो, पिढ्या वाढवतो.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे नामिब वाळवंट या कुळाच्या अभ्यासाची पंढरी आहे. तिथल्या गोबाबेब या संशोधन केंद्राची स्थापना १९६२ मध्ये चार्ल्स कॉख या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने केली, आणि त्याचा ध्यास हेच भुंगेरे होते. गोबाबेबला वर्षाला सरासरी पंचवीस मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जळगाव जिल्ह्याची वार्षिक सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे, यावरून फरकाची कल्पना यावी. पाऊस नसला तरी अटलांटिक समुद्रावरून तिथे धुके येते. धुके आले की ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस हा काळा भुंगेरा पहाटेच्या गारठ्यात वाळूच्या टेकाडाच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोके खाली आणि मागचा भाग वर असा उभा राहतो. धुक्याचे कण त्याच्या पाठीवर साचतात, थेंब होऊन घरंगळत तोंडाशी येतात आणि तो ते पितो.

विल्यम हॅमिल्टन आणि मेरी सीली यांनी १९७६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे निरीक्षण प्रसिद्ध केले. काही भुंगेऱ्यांचे वजन एका सकाळीत जवळजवळ एक तृतीयांशाने वाढल्याचे त्यांना आढळले. त्याच वाळवंटातला लेपिडोकोरा हा दुसरा भुंगेरा वाळूत बारीक चर खणतो आणि चराच्या कडांवर साचलेले धुक्याचे पाणी टिपतो.

पाणी मिळवणे हा झाला एक भाग. मिळालेले पाणी राखणे हा त्याहून कठीण. वाळवंटातल्या अनेक जातींचे वरचे कठीण पंख एकमेकांना कायमचे चिकटलेले असतात, त्यामुळे त्या उडू शकत नाहीत. पंखांखाली हवेची एक बंद पोकळी तयार होते. श्वासाची छिद्रे थेट बाहेर न उघडता या पोकळीत उघडतात, म्हणून श्वासाबरोबर जाणारी वाफ कमी होते. अंगावर मेणासारखा थर असतो, तोही पाणी अडवतो.

सर्वांत विलक्षण योजना असते शरीराच्या मागच्या टोकाशी. कीटकांत मूत्रपिंडाचे काम काही बारीक नळ्या करतात. या कुळात त्या नळ्यांची टोके गुदाशयाच्या भिंतीला बिलगून, एका आवरणाखाली बंद झालेली असतात. नळ्यांत क्षारांचे प्रमाण प्रचंड वाढवले जाते आणि त्या ओढीने विष्ठेतला ओलावा परत शरीरात खेचला जातो. बाहेर पडते ती कोरडी भुकटी. केंब्रिजचे जे. ए. रामसे यांनी १९६४ मध्ये पिठातल्याच दुसऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीत ही रचना बारकाईने उलगडून दाखवली. पुढे असेही दिसले की हवा पुरेशी दमट असेल तर ती अळी याच यंत्रणेने हवेतली वाफही आत ओढू शकते. तांबड्या भुंगेऱ्याबाबत २०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. दमट हवेतून पाणी घेण्यासाठी गुदाशयाशी बिलगलेल्या काही मोजक्या पेशी आणि त्यांतले एक विशिष्ट जनुक कसे काम करते, ते त्यांनी दाखवून दिले. तोंडाने पाण्याचा घोट न घेता पावसाळ्यातल्या हवेतून पाणी मिळवणारा हा जीव आहे.

उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा पाणी मिळते अन्नातून. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ शरीरात पूर्ण जळला की एक ग्रॅमहून थोडे अधिक पाणी तयार होते. एक ग्रॅम पिष्टातून अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त. वाळकट धान्यात बसून हा किडा आपले पाणी असे घरच्या घरी बनवतो. त्यासाठी त्याला लागतो फक्त प्राणवायू. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

धान्य कडकडीत वाळवले म्हणजे कीड लागणार नाही, हा समज या किड्यापुरता अपुरा का पडतो, ते आता स्पष्ट होते. सुके धान्य ठेवणे आवश्यकच आहे. त्याने बुरशी टळते, सोंडा आणि इतर किडींची वाढ मंदावते. पण तांबड्या भुंगेऱ्याला कोरडेपणाचे भय फारसे नाही.

त्याला भय आहे ते उष्णतेचे.

कोरडेपणा सोसणे आणि उष्णता सोसणे या दोन अगदी वेगळ्या शक्ती आहेत. नामिबचे भुंगेरेसुद्धा भर दुपारी वाळू साठ अंशांपुढे तापली की बुडी मारून खालच्या थंड थरात जातात, नाहीतर झुडपाच्या सावलीला पळतात. पन्नास अंशांच्या आसपास त्यांच्याही शरीराचा निभाव लागत नाही. वाळवंटात ते जगतात ते आश्रय शोधण्याच्या सवयीमुळे. तांबड्या भुंगेऱ्याची वाढ सर्वांत जोमाने होते ३२ ते ३५ अंश तापमानात. एवढ्या उबेत अंड्यापासून भुंगेरा व्हायला महिनाभर पुरतो. एक मादी काही महिन्यांत तीनशे-चारशे अंडी घालते आणि भुंगेरा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक जगू शकतो. चाळिशीच्या पुढे मात्र त्याची वाढ थांबते, आणि पन्नास ते साठ अंशांच्या पट्ट्यात तो, त्याची अळी, कोष आणि अंडी सगळेच मरतात. फरक पडतो तो वेळेचा. पन्नास अंशांत काही तास लागतात, साठीच्या जवळ तासाभरात काम होते. पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या पीठ गिरण्या याच तत्त्वावर पूर्ण कारखाना ५० ते ६० अंशांपर्यंत तापवून दिवसभर तसाच ठेवतात आणि विषारी वायूविना कीड मारतात.

आता भुसावळचा मे महिना डोळ्यांपुढे आणावा. घराबाहेर सावलीत पारा पंचेचाळीसच्या वर जातो. घरात, जाड भिंतींच्या आड, कोठीतल्या धान्यात तापमान बत्तीस, चौतीस, छत्तीस असे राहते. सावलीतला हा उन्हाळा किड्याला हवाहवासा आहे. गच्चीवरचा उन्हाळा त्याला मारणारा आहे. खान्देशातल्या घरात या दोन तापमानांमध्ये एका जिन्याचे अंतर असते.

मग वर्षानुवर्षे गच्चीवर धान्य वाळवूनही कीड का राहते? कारण धान्य उघडे पसरले जाते. वारा लागतो, थर जाड असतो, वरचे दाणे तापतात आणि खालचे तापत नाहीत. भुंगेरे पाय असलेले जीव आहेत. ऊन लागले की ते ढिगाच्या तळाशी किंवा ताडपत्रीच्या घडीत सावली गाठतात, त्यांचे नामिबचे जातभाई वाळूत शिरतात तसेच. संध्याकाळी धान्य गोळा होते, त्याबरोबर तेही परत कोठीत जातात. ऊन भरपूर मिळाले, पण ते धान्यात साठले नाही.

ते साठवण्याची पद्धत साधी आहे आणि तिची कसून परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या चवळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ती नव्वदच्या दशकात मांडली. खाली काळे कापड किंवा काळी प्लास्टिकची ताडपत्री, तिच्यावर धान्याचा पातळ थर, वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद आणि चारही कडा दगडांनी दाबलेल्या. पारदर्शक कागद ऊन आत सोडतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ५७ अंशांच्या आसपास तासभर धान्य राहिले की चवळीतला भुंगेरा सर्व अवस्थांत मरतो, असे त्यांना आढळले. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने तुरीवर असाच प्रयोग केला. पारदर्शक पॉलिथिनच्या पिशवीत तूर उन्हात तापवून साठवणुकीतले भुंगेरे मारता येतात, हा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. खान्देशाचा उन्हाळा पटनचेरूपेक्षा सौम्य नाही.

घरी हे करताना थोडी शिस्त लागते. धान्य आधी नीट वाळलेले हवे. थर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नको. निरभ्र दिवशी, अकराच्या सुमारास अंथरून तीन-चार वाजेपर्यंत तसेच झाकलेले ठेवावे. खात्री हवी असेल तर स्वयंपाकघरात वापरतात तसा तापमापक दाण्यांच्या मधोमध खुपसून पाहावा. पारा ५५ च्या पुढे जाऊन तासभर तरी टिकायला हवा. संध्याकाळी धान्य पूर्ण गार होऊ द्यावे. गरम धान्य लगेच डब्यात भरले तर आत दव साचते आणि बुरशीला निमंत्रण मिळते. पेरणीचे बियाणे या पद्धतीने तापवायचे असेल तर आधी कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा, म्हणजे उगवणीला धक्का लागणार नाही.

पीठ मात्र उन्हात ठेवून भागत नाही. पिठातून उष्णता सावकाश सरकते, वरचा थर तापतो आणि मधला गारच राहतो. पिठावर उपाय म्हणजे दळण थोडे-थोडे आणणे. ज्वारी-बाजरीच्या पिठाबाबत खान्देशातल्या बायकांची ही सवय आहेच. कळण्याचे पीठही आठवड्या-पंधरवड्यापुरतेच दळले जाते. बेसन, रवा, मैदा मोठ्या प्रमाणात आणायचे असतील तर फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांत चार-पाच दिवस ठेवून मग बंद डब्यात भरावेत. एवढ्या थंडीत अंडीसुद्धा मरतात.

इथे गिरणीचाही विचार व्हायला हवा. तांबडा भुंगेरा अखंड, निरोगी दाणा सहसा फोडू शकत नाही. त्याला तुकडा, चुरा, भुकटी आणि फुटलेल्या दाण्याचा अंकुर लागतो. दाणा आधी सोंडा पोखरतो, त्याच्यामागून हा येतो. गिरणीच्या खाचांत, पट्ट्याखाली, चाळणीच्या कडेला साचलेले जुने पीठ हे त्याचे माहेरघर असते. जळगाव डाळ उद्योगासाठी देशभर ओळखले जाते. डाळ मिलमधली चुणी-चुरी, सरकी आणि शेंगदाण्याची ढेप, कोपऱ्यात राहिलेली जुनी बारदाने हे सगळे त्याला मानवते. हा भुंगेरा वाळवंटातल्या नातलगांसारखा जखडलेल्या पंखांचा नाही, तो उडतो. त्याहून अधिक तो माणसाच्या मालाबरोबर फिरतो. १८७० मध्ये मुंबई आणि कोलकाता लोहमार्गाने जोडले गेले तेव्हापासून भुसावळ हा मध्य भारतातल्या धान्याच्या वाटेवरचा मोठा टप्पा आहे. एका गावच्या गोदामातला किडा दोन दिवसांत दुसऱ्या राज्यात पोहोचू शकतो, ते या वाटांमुळेच.

किडे वाढले की नुकसान केवळ खाल्लेल्या पिठाचे नसते. या भुंगेऱ्याच्या अंगात बेंझोक्विनोन वर्गाची रसायने तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. गर्दी वाढली की पिठाला गुलाबी छटा येते, उग्र वास सुटतो आणि चव कडसर होते. असे पीठ चाळून वापरण्यात काटकसर नाही. ते टाकून द्यावे.

पुन्हा गोळीकडे वळू. फॉस्फीन हे धान्यसाठ्याचे अत्यंत मोलाचे साधन आहे, यात शंका नाही. मनमाडसारख्या ठिकाणच्या भारतीय अन्न महामंडळाच्या मोठ्या गोदामांत, वखार महामंडळाच्या कोठारांत प्रशिक्षित माणसे पोत्यांच्या थप्पीवर वायू न सुटणारे आच्छादन घालतात, कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी दाबतात, मोजून गोळ्या ठेवतात आणि निदान पाच ते सात दिवस कुणाला जवळ फिरकू देत नाहीत. नंतर हवा खेळवून, खात्री करून मगच आच्छादन उघडतात. इतका काळ लागतो, कारण या किड्याची अंडी आणि कोष वायूला अळी-भुंगेऱ्यांइतकी सहज दाद देत नाहीत.

घरात यातले काहीच होत नाही. कोठीचे झाकण घट्ट नसते, दिवसाआड उघडले जाते. वायू आत टिकत नाही, बाहेर मात्र येतो. आत कोवळे किडे मरतात, चिवट उरतात. अर्धवट मात्रेत वाचलेले किडे पुढच्या पिढीला तो चिवटपणा देतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये केलेल्या जागतिक पाहणीतच धान्यातल्या किडींमध्ये फॉस्फीनला प्रतिकार आढळला होता, आणि तांबडा भुंगेरा त्यांत होता. भारतातल्या गोदामांतूनही असे प्रतिकारक्षम भुंगेरे नोंदवले गेले आहेत. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या एका विकराच्या जनुकात बदल झाल्याने हा प्रतिकार येतो, हे २०१२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या शोधनिबंधाने दाखवले. या भुंगेऱ्याचा पूर्ण जनुकसंच २००८ मध्येच वाचला गेला होता. भुंगेऱ्यांमध्ये तो पहिलाच. शास्त्राला त्याची एवढी खोल ओळख झालेली असताना घराघरांत त्याच्याशी लढण्याची रीत मात्र फडक्यात बांधलेल्या गोळीवर अडली आहे.

त्या रीतीची किंमत माणसे मोजतात. बंद खोलीत, शेजारच्या कोठीतून किंवा भिंतीच्या फटीतून आलेल्या वायूने झोपेत माणसे दगावल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून येत असतात, आणि त्यांत लहान मुले फार असतात. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. बाजारातल्या गोळीच्या वायूला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण त्या वासावर विसंबून राहता येत नाही. मळमळ, उलट्या, छातीत दडपण, धाप ही सुरुवातीची लक्षणे अन्नातून विषबाधा झाल्यासारखी वाटतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. असे काही झाले तर दारे-खिडक्या उघडून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि घरात गोळी ठेवली होती हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे.

कायद्याने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड हे भारतात निर्बंधित वापराचे कीटकनाशक आहे. शासकीय संस्था आणि कीड नियंत्रण करणारे व्यावसायिक यांनीच, मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या कडक देखरेखीखाली ते वापरायचे आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांचे उत्पादन, विक्री आणि वापर यांवर केंद्र सरकारने २००१ मध्ये पूर्ण बंदी घातली. एकेकाळी घरगुती धान्यासाठी काचेच्या कुप्यांत मिळणारे इथिलीन डायब्रोमाइडही त्याच वर्षी बंद झाले. ते बंद झाले म्हणून कुणाच्या घरातले धान्य संपले नाही. सुट्या गोळ्या पुडीत बांधून देणे हेही असेच थांबू शकते. कृषी विभागाच्या निरीक्षकांनी धान्य भरण्याच्या हंगामात, म्हणजे मार्च ते मे, दुकानांची तपासणी या एका वस्तूसाठी करावी. रब्बीच्या बियाण्यांसाठी आणि खतांसाठी जशा मोहिमा निघतात तशी ही एक मोहीम निघायला हवी.

बंदीबरोबर पर्यायही हातात द्यावा लागतो. उन्हाने कीड मारल्यावर ती पुन्हा आत येऊ नये यासाठी हवाबंद साठवण हवी. मर्डॉक यांच्याच गटाने १९८७ च्या सुमारास कॅमेरूनमध्ये दुहेरी प्लास्टिकचे अस्तर असलेल्या पोत्याचे काम सुरू केले. पोते घट्ट बांधले की आतले किडे उरलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि मग मरतात. ते गुदमरून मरतात असे आधी वाटत होते. २०१२ मध्ये याच गटाने चवळीतल्या भुंगेऱ्यावर दाखवून दिले की प्राणवायू संपल्याने अन्नापासून पाणी तयार करण्याची त्यांची क्रिया थांबते आणि ते तहानेने मरतात. कोरड्या धान्यात घरच्या घरी पाणी बनवण्याची किडीची शक्ती हीच तिची दुखरी नस ठरते.

महाराष्ट्राला हे तत्त्व अनोळखी नाही. जमिनीखालची पेवे याच तत्त्वावर चालत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हे गावोगाव ठाऊक होते, कारण आतला प्राणवायू संपलेला असे. आज तेच काम जाड प्लास्टिकचे अस्तर असलेले पोते, रबरी कडीचा स्टीलचा पिंप किंवा घट्ट झाकणाची टाकी करू शकते. पिंप काठोकाठ भरावा, वर हवा कमी ठेवावी आणि महिन्याच्या वापरापुरते धान्य वेगळ्या डब्यात काढून मोठा पिंप सारखा उघडू नये. धान्य भरण्याआधी पिंपाच्या तळातली, सांध्यांतली जुनी भुकटी कुंच्याने काढून, पिंप एक दुपार उन्हात उपडा ठेवावा. जुन्या धान्यावर नवे धान्य ओतू नये. कडुनिंबाचा पाला, गव्हाला एरंडेलाचा हात, डाळीला तेलाचे बोट या घरगुती रीती सोबतीला राहू द्याव्यात; त्यांनी कुणाला अपाय होत नाही आणि थोडी मदत होते.

जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि रावेर तालुक्यातले पाल इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र इथवर आहे. या संस्थांनी एप्रिलमध्ये गावागावांत, महिला बचत गटांच्या बैठकीत, एक काळी ताडपत्री, एक पारदर्शक कागद आणि एक तापमापक घेऊन तासाभराचे प्रात्यक्षिक दाखवावे. याला मोठा निधी लागत नाही. बचत गटांनी अशा ताडपत्र्यांचा आणि अस्तराच्या पोत्यांचा संच वाड्यावस्त्यांत भाड्याने दिला तर त्यांना उत्पन्नही मिळेल. नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने धान्य दुकानदारांना, गिरणीवाल्यांना आठवड्यातून एकदा खाचा-फटी साफ करण्याची सक्ती करावी. रेशन दुकानात जुनी पोती मागे आणि नवी पुढे असे होऊ नये, याकडे पुरवठा विभागाने लक्ष द्यावे. शाळांतल्या विज्ञान शिक्षकांनाही हा विषय सोन्यासारखा आहे. पिठातल्या भुंगेऱ्याचे अंडे, अळी, कोष आणि भुंगेरा या चारही अवस्था एका काचेच्या बरणीत महिन्याभरात दाखवता येतात, आणि तापमापक घेऊन गच्चीवर केलेला प्रयोग पाहिलेले मूल घरी गोळी येऊ देणार नाही.

खान्देशाने उन्हाचा त्रास पिढ्यान् पिढ्या सोसला आहे. उष्माघात, केळीच्या बागांची होरपळ, खोल जाणाऱ्या विहिरी, सगळे या उन्हाच्या खात्यावर आहे. त्याच उन्हाने कोठीतली कीड फुकट आणि बिनविषारी मारता येते, हा हिशेबही आता मांडला जावा. यंदा वर्षाचे धान्य भरताना कुणी दुकानात गोळी मागू नये. कुणी मागितली तर दुकानदाराने ती देऊ नये. आणि ज्यांच्या कोठीत आज गोळी आहे त्यांनी ती हात लावून उचलू नये किंवा पाण्यात टाकू नये. घराची दारे-खिडक्या उघडाव्यात, मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि तालुका कृषी कार्यालयाकडे किंवा परवानाधारक कीड नियंत्रकाकडे विचारून ती हलवावी.